सवलत घ्या, पण हिशेब द्या

फेब्रुवारी महिना लागला की रेल्वेच्या आणि टपाल खात्याच्या प्रत्येक कचेरीत एकच गडबड सुरू होते. आयुर्विम्याची पावती कुठे ठेवली ते आठवत नाही, मुलाच्या शाळेची फी भरल्याचा कागद सापडत नाही, घरमालक भाड्याच्या पावतीवर सही करायला तयार नाही. जुन्या पद्धतीने आयकर भरणारा प्रत्येक कर्मचारी या दिवसांत पिशवीत कागद घालून हिंडत असतो. एक पावती कमी पडली तर पगारातून कर कापला जातो आणि मग परताव्याची वाट पाहत बसावे लागते. टपाल कचेरीच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना तर हा हंगाम तोंडपाठ आहे. मार्चअखेरीस राष्ट्रीय बचत पत्रे घेणाऱ्यांची आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत पैसे भरणाऱ्यांची रांग त्यांनी वर्षानुवर्षे निपटली आहे.

याच दिवसांत राजधानी दिल्लीच्या भोवती, गुरुग्राम, मानेसर, फरिदाबाद आणि नोएडा येथील कारखान्यांच्या हिशेब खात्यांतही कागदांची जमवाजमव चाललेली असते. त्यांच्या पावत्या मोठ्या, त्यांचे सल्लागार मोठे आणि त्यांची मागणीही मोठी. त्यातील एक मागणी संशोधनावरील खर्चाची असते. कंपनीने नवे यंत्र, नवे औषध किंवा नवा सुटा भाग शोधण्यासाठी केलेला खर्च दाखवायचा आणि त्यावर सरकारकडून करात सवलत घ्यायची. आजचा अग्रलेख या सवलतीविषयी आहे.

कोणी विचारील, कंपन्यांच्या आयकराशी रेल्वेच्या आणि टपालाच्या कामगारांना काय करायचे आहे? आमचे उत्तर सरळ आहे. सरकार जो कर सोडून देते तो तुमच्याआमच्या तिजोरीतील पैसा असतो. त्याच तिजोरीतून रुळांचे नूतनीकरण होते, टपाल कचेऱ्या चालतात आणि रिक्त जागा भरल्या जातात किंवा भरल्या जात नाहीत. आपल्या घरातून तांदळाची एक गोणी शेजाऱ्याला द्यायची असेल तर ती कशासाठी दिली आणि त्याने तिचे काय केले, हे विचारण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असतो.

सवलत म्हणजे नेमके काय?

आयकर कायदा, १९६१ यातील कलम ३५ हे संशोधनावरील खर्चाचे कलम म्हणून ओळखले जाते. धंद्याशी संबंधित संशोधनावर कंपनीने केलेला खर्च तिच्या नफ्यातून वजा होतो, हे त्याचे मूळ तत्त्व. जमीन सोडून यंत्रसामग्रीसारखा भांडवली खर्चसुद्धा एकाच वर्षात पूर्ण वजा करता येतो. इथपर्यंत वावगे काही नाही. खर्च झाला, तो वजा झाला.

खरी मेख पुढे आहे. १९९७ च्या वित्त कायद्याने या कलमात २ एबी हे पोटकलम आले. कंपनीने स्वतःच्या संशोधन केंद्रात १०० रुपये खर्च केले तर नफ्यातून १२५ रुपये वजा करण्याची मुभा त्याने दिली. पुढे हा आकडा १५० झाला. २०१० च्या अर्थसंकल्पात तो २०० वर नेण्यात आला. सुरुवातीला औषधे, रसायने, इलेक्ट्रॉनिक्स अशा ठरावीक उद्योगांपुरती असलेली ही सवलत २००९ मध्ये बहुतेक सर्व कारखानदारीला खुली झाली. दारू, तंबाखू, सौंदर्यप्रसाधने, चॉकलेट अशा मालाची एक यादी कायद्याच्या अकराव्या परिशिष्टात आहे. तेवढा माल वगळला गेला.

आकड्यांची भाषा कंटाळवाणी वाटते, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. संशोधनाचा खर्च धरण्यापूर्वी एखाद्या कंपनीचा नफा १,००० रुपये आहे आणि कराचा दर ३० टक्के आहे असे समजा. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवू. संशोधन काहीच केले नाही तर कर ३०० रुपये. संशोधनावर १०० रुपये खर्च केले आणि २०० रुपये वजा केले, तर कर ८०० रुपयांवर, म्हणजे २४० रुपये. फरक ६० रुपयांचा. म्हणजे कंपनीने खर्च केलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ६० रुपये जनतेच्या तिजोरीने सोसले आणि ४० रुपये कंपनीने. कामगाराला एक रुपया खर्च करून दोन रुपयांची वजावट कधी मिळाली आहे काय? पण रागाच्या भरात निकाल देऊ नये. आधी ही सवलत मिळवायला काय करावे लागत होते ते पाहू.

न्यू मेहरोली रोडवरचा दरवाजा

दिल्लीत न्यू मेहरोली रोडवर टेक्नॉलॉजी भवन आहे. तेथे केंद्र सरकारचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग बसतो. खासगी आणि सरकारी कंपन्यांच्या संशोधन केंद्रांना मान्यता देण्याची योजना १९७३ पासून चालू आहे आणि १९८५ मध्ये हा स्वतंत्र विभाग झाल्यापासून ते काम त्याच्याकडे आहे. वाढीव वजावट हवी असेल तर कंपनीला या दरवाजातून जावे लागे.

प्रथम संशोधन केंद्राला विभागाची मान्यता घ्यायची. मग फॉर्म ३ सीके भरून विभागाशी करार करायचा. मंजुरीचा आदेश फॉर्म ३ सीएम मध्ये निघे. केंद्राचे हिशेब कंपनीच्या बाकी हिशेबांपासून वेगळे ठेवायचे आणि दरवर्षी तपासून घ्यायचे. लेखापरीक्षकाने ३ सीएलए या फॉर्ममध्ये दाखला द्यायचा. विभाग आपला अहवाल ३ सीएल या फॉर्ममध्ये आयकर खात्याला पाठवी. १ जुलै २०१६ पासून तर कोणत्या वर्षी नेमका किती खर्च ग्राह्य, तो आकडाच विभागाने या अहवालात लिहून द्यायचा असे ठरले.

नियम आणखी एक गोष्ट बजावतात. केवळ बाजारपेठेची पाहणी, विक्रीवाढ, मालाची गुणवत्ता तपासणी, नेहमीचे उत्पादन, बाह्य रूपातील बदल किंवा नित्याची आकडेवारी जमवणे याला संशोधन म्हणता येणार नाही. साबणाच्या वडीचा रंग बदलला आणि संशोधन केले म्हणून सांगितले, असे चालत नाही. माणसांच्या पगाराचा खर्च धरताना कंपनीच्या पगारपत्रकावर असलेली आणि संशोधन केंद्रातच पूर्णवेळ काम करणारी माणसे मोजायची, असा विभागाचा दंडक. कंत्राटी मनुष्यबळाचा खर्च त्यात धरला जात नसे. कामगार चळवळीने ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारच्या एका विभागाने कागदावर मान्य केले होते की नवे काही शोधायचे असेल तर माणूस कायम हवा.

रेल्वे कामगाराला ही पद्धत परकी वाटणार नाही. आपण प्रवासभत्ता मागतो तेव्हा टी.ए. जर्नलमध्ये गाडीचा नंबर, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि कामाचे कारण लिहितो. मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या आत गेलो तर काही नाही. ६ तासांच्या आत परतलो तर ३० टक्के, १२ तासांच्या आत ७० टक्के, त्यावर पूर्ण. वर सुपरवायझरची सही. काम केले, नोंद ठेवली, मागणी केली, तपासणी झाली, पैसे मिळाले. कंपनीच्या संशोधन सवलतीची रचना अशीच होती. रकमा मोठ्या असतील, पण तत्त्व तेच. काम दाखवा आणि सवलत घ्या.

न्यायालयाने काय म्हटले?

या दरवाजात तंटेही झाले. त्यांपैकी एक आमच्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावा. मान्यतेच्या कागदावर जी तारीख असेल त्याआधीचा खर्च धरायचा की नाही, हा प्रश्न होता. आयकर खाते म्हणे, तारखेआधीचे काही धरणार नाही. गुजरात उच्च न्यायालयाने क्लॅरिस लाइफसायन्सेस कंपनीच्या प्रकरणात हे म्हणणे फेटाळले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सॅन्डन विकास कंपनीच्या प्रकरणात तीच वाट धरली आणि २०१७ मध्ये मारुती सुझुकी कंपनीच्या प्रकरणातही तेच तत्त्व उचलून धरले. सार असे की केंद्र खरोखर चालू आहे, त्याला मान्यताही मिळाली आहे, तर केवळ मान्यतेची तारीख उशिराची आहे म्हणून सवलत नाकारता येणार नाही. सवलत द्यायचा हेतू संशोधन वाढावे हा आहे, आणि कायद्याचा अर्थ त्या हेतूने लावला पाहिजे.

आम्ही या निकालांचे स्वागत करतो. मात्र एक गोष्ट विचारतो. आमच्या वैद्यकीय बिलाला, रात्रपाळीच्या भत्त्याला किंवा अनुकंपा नियुक्तीच्या अर्जाला साहेबांच्या टेबलावर सहा महिने लागले आणि तोवर मुदत संपली, तर उशीर कोणाचा? कंपनीला लावलेला न्याय कामगारालाही लावा. अर्जदाराच्या हातात नसलेल्या विलंबाची शिक्षा अर्जदाराला होऊ नये. आमच्या शाखा सचिवांनी कर्मचाऱ्यांचे दावे लढवताना हा मुद्दा ठासून मांडावा. करप्रकरणाचा निकाल सेवाप्रकरणाला जसाच्या तसा लागू होत नाही हे आम्ही जाणतो. पण न्यायाची बुद्धी दोन ठिकाणी दोन असू शकत नाही.

२०१९ चे वळण

आता या कथेतील वळण. २०१६ च्या वित्त कायद्याने ही वाढीव वजावट पायरीपायरीने खाली आणायचे ठरवले. १ एप्रिल २०१७ पासून ती २०० वरून १५० टक्क्यांवर आली आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर. म्हणजे खर्च तेवढीच वजावट, वर काही नाही. दरम्यान २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात जीएसटी परिषदेची बैठक होती. त्या दिवशी अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी तेथून कंपन्यांच्या आयकराचा दर २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या कारखानदार कंपन्यांसाठी तर मूळ दर १५ टक्के ठेवला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल असा अंदाज सरकारनेच त्या दिवशी सांगितला. अट एवढीच की कमी दर घेणाऱ्या कंपनीने वाढीव संशोधन वजावटीसारख्या सवलती मागू नयेत.

पुन्हा तोच १,००० रुपयांचा हिशेब करू. २२ टक्के दराने, संशोधन न करणाऱ्या कंपनीचा कर ३०० वरून २२० रुपयांवर आला. तिला ८० रुपये मिळाले. त्यासाठी तिने कोणते केंद्र काढले, किती माणसे नेमली, कोणता फॉर्म भरला? काहीच नाही. संशोधनावर १०० रुपये खर्च करणाऱ्या कंपनीचा कर १९८ रुपये होतो. म्हणजे संशोधन करणारी आणि न करणारी यांच्या करातील फरक पूर्वी ६० रुपये होता, तो आता २२ रुपये राहिला. संशोधनाचे १०० रुपये कंपनीला पूर्वी ४० रुपयांत पडत, ते आता ७८ रुपयांत पडतात. ज्याने प्रयोगशाळा बांधली त्याचे बक्षीस घटले आणि ज्याने काहीच केले नाही त्याला घरबसल्या वाटा मिळाला.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. कंपन्यांच्या सवलतींवर टीका करण्यात आमची हयात गेली. म्हणून हे लिहिताना आम्हालाच थोडे चमत्कारिक वाटते, पण सत्य तेच आहे. काम करून घेणारी सवलत सरकारने काढली आणि काहीच न मागणारी सवलत दिली. आमच्या मते दोहोंत पहिली बरी होती.

दुसरी बाजू

सरकारच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नव्हे. सवलतींचे जंगल वाढले की तंटे वाढतात, सल्लागारांचे फावते आणि लहान कारखानदार कागदांतच गुदमरतो. दर कमी आणि कायदा साधा असावा या म्हणण्यात तथ्य आहे. गैरवापरही झाला. संशोधन संस्थांना देणगी देणाऱ्यांसाठी याच कलमात वेगळी वाढीव वजावट होती आणि एके काळी ती १७५ टक्के होती. धनादेशाने देणगी द्यायची, दलाली कापून रोख रक्कम परत घ्यायची आणि करात वजावट मागायची, असे व्यवहार तपासात उघड झाले. कोलकात्यातील एक-दोन संस्थांची मान्यता त्यापायी सरकारला काढून घ्यावी लागली.

शिवाय २०० टक्क्यांच्या काळातही देशाच्या संशोधनाने फार मोठी झेप घेतली असे दिसत नाही. देशाचा एकूण संशोधनखर्च २०१०-११ मध्ये सुमारे ६० हजार कोटी होता, तो २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटी झाला. रक्कम दुप्पट झाली खरी, पण राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर २०२०-२१ चे प्रमाण अवघे ०.६४ टक्के भरते. त्याच सुमारास चीनचे प्रमाण २.४ आणि दक्षिण कोरियाचे ४.८ टक्के होते. आपल्याकडे त्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. त्या देशांत उद्योगच मोठा भार उचलतात.

तेव्हा जुनी सवलत निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. पण रोग झाला म्हणून औषध द्यायचे की रोग्यालाच घराबाहेर काढायचे? ज्या पद्धतीत वेगळे हिशेब, लेखापरीक्षक आणि पाहणी होती, ती अधिक कडक करता आली असती. मिळालेल्या सवलतीचे फळ काय ते जनतेपुढे मांडायला कंपन्यांना भाग पाडता आले असते. ते झाले नाही.

याच चालीने पगारदारांचेही झाले. २०२० च्या अर्थसंकल्पात आपल्यासाठी नवी करपद्धती आली, सवलती सोडा आणि कमी दर घ्या. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत झाली, जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. अनेकांना तिचा फायदा झाला हे आम्ही नाकारत नाही. पण टपालाच्या काउंटरवरील भगिनींना विचारा, बचत पत्रे घेणाऱ्या तरुणांची मार्चची रांग कशी आहे. सवलत नुसता पैसा देत नाही, ती सवय लावते. बचतीची सवय सवलतीने लागली होती, तशी संशोधनाचीही लागत होती. सवय मोडायला एक अर्थसंकल्प पुरतो, लावायला पिढी लागते.

आमच्या हातचे संशोधन

संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेची नळी, असा समज आहे. आमच्या दोन्ही खात्यांचा इतिहास वेगळे सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागचे डोके श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे, डाक-तार खात्यातील एक मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या भाषांतील पत्ते आणि त्यात हरवणारी पत्रे, यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पन्नास वर्षे उलटली तरी घरपोच मालाच्या कंपन्या आज त्याच सहा आकड्यांवर धंदा करतात.

रेल्वेत लखनौची आर.डी.एस.ओ. १९५७ पासून काम करते आहे. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा तिने भारतीय कंपन्यांना बरोबर घेऊन घडवली. दक्षिण मध्य रेल्वेवर प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. या चाचण्या प्रयोगशाळेत झाल्या नाहीत, धावत्या रुळांवर झाल्या. इंजिनात लोको पायलट होते, रुळालगत सिग्नल मेंटेनर होते, स्टेशनात स्टेशन मास्तर होते. यंत्र घडवणाऱ्याने आपला खर्च कायद्याप्रमाणे वजा करावा, त्याला आमची हरकत नाही. परंतु चाचणीच्या रात्री जागलेल्या माणसाचे नाव कोणत्या वहीत असते?

आमच्या उमेदवारीच्या दिवसांतील एक गोष्ट सांगतो. ज्या कारखान्यात आम्ही शिकत होतो तेथे बोगीची एक पिन काढायला दोन माणसांना अर्धा अर्धा तास घणाचे घाव घालावे लागत. एका फिटरने भंगारातील पट्टी आणि जुना बोल्ट घेऊन एक पुलर बनवला. काम पाच मिनिटांवर आले आणि बोटे ठेचायची थांबली. साहेब आले, फोटो निघाला, पुढच्या वर्षी शॉपला ढाल मिळाली. टिपणात त्या फिटरचे नाव नव्हते. तो निवृत्त झाला. पुढे कितीतरी वर्षे पोरे त्या पुलरला त्याच्याच नावाने हाक मारीत. कागदावर मात्र तो ‘शॉपने विकसित केलेले साधन’ एवढाच राहिला.

रेल्वे हे सरकारी खाते आहे, तिला कलम ३५ ची गरज नाही. पण खासगी कारखान्यांत हीच कथा रोज घडते आणि तेथे तिच्यावर करसवलतीचा दावाही उभा राहू शकतो. म्हणून दोन गोष्टी सर्व कामगारांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात संशोधन आणि विकासावर किती खर्च केला, कोणते तंत्रज्ञान आत्मसात केले आणि त्यातून काय लाभ झाला, हे सांगावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल कोणालाही वाचता येतो. वेतनकराराच्या बैठकीला जाताना संघटनेने ते पान बरोबर न्यावे. दुसरी, पेटंट कायदा, १९७० यातील कलम २८ प्रमाणे शोध लावणाऱ्याचे नाव पेटंटवर घालण्याची मागणी करता येते. पेटंट कंपनीच्या मालकीचे असले तरी शोधकर्ता म्हणून नाव कामगाराचे असू शकते. भारतात विकसित होऊन भारतात नोंदलेल्या पेटंटच्या स्वामित्वधनावर २०१६ च्या वित्त कायद्याने अवघा १० टक्के कर ठेवला. मालकाला दहा टक्क्यांची सवलत आणि शोधणाऱ्याला नावसुद्धा नाही, हे आता चालता कामा नये.

लाख कोटींचा प्रश्न

हा विषय आज काढण्याचे कारणही आहे. करसवलत आटली तशी सरकारने दुसरी वाट धरली. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवप्रवर्तनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या भारत मंडपम् मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. खासगी क्षेत्राला संशोधनासाठी दीर्घ मुदतीचे, कमी किंवा शून्य व्याजाचे भांडवल मिळावे, असा तिचा उद्देश आहे. जुन्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, फॉर्मची नावे बदलतील. नवी घडी बसते तेव्हाच बोलले पाहिजे. सिमेंट सुकल्यावर बोट उमटत नाही.

आमच्या मागण्या चार आहेत. संशोधनावरील वाढीव वजावट निदान १५० टक्क्यांवर पुन्हा आणावी आणि कमी दर घेणाऱ्या कंपन्यांनाही ती मिळावी, मात्र कायम संशोधन कर्मचारी आणि वेगळे तपासलेले हिशेब या अटींवर. कोणत्या कंपनीला किती सवलत आणि किती भांडवल मिळाले व त्यातून काय निपजले, याची यादी दरवर्षी संसदेपुढे ठेवावी. लाख कोटींच्या योजनेतून पैसा घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाकडून रोजगाराची आणि कामगारांच्या नावनोंदणीची हमी घ्यावी. आणि आर.डी.एस.ओ. सारख्या आपल्या स्वतःच्या संस्थांतील रिक्त जागा आधी भराव्यात, कारण दुसऱ्याच्या प्रयोगशाळेला पैसा देणाऱ्या सरकारने स्वतःची प्रयोगशाळा ओस पाडणे शोभत नाही.

यातील एकही मागणी उद्योगाच्या विरुद्ध नाही. देशाने नवे शोधावे, येथेच घडवावे, परदेशी यंत्रांवर विसंबू नये, हे कामगाराला मालकाइतकेच कळते. शोध लागला तर कारखाना टिकतो आणि कारखाना टिकला तर नोकरी टिकते. आम्ही फक्त तेच मागतो जे आमच्याकडून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मागितले गेले. काम केले असेल तर नोंद दाखवा, नोंद असेल तर पैसे घ्या.

पुढच्या शाखा सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. आपल्या कारखान्यात, डेपोत, सॉर्टिंग कचेरीत कोणी काय सुधारले याची एक वही त्याच दिवशी सुरू करावी. तारीख, काम, नाव. बाकी काही नको. सरकार आणि मालक हिशेब देतील तेव्हा देतील, आपली वही आपण आजपासून लिहू. आणि पहिल्या पानावर, ज्यांची नावे आजवर कोणी लिहिली नाहीत, त्यांची नावे लिहू.